आइसलंडच्या स्विमिंग पूलमध्ये उतरायच्या आधी आंघोळ: हो, सगळे कपडे काढूनच!

नमस्कार मंडळी! मागच्या आइसलंडच्या व्हिडिओत मी जाता जाता एकच वाक्य बोललो की तिकडे पूलमध्ये उतरायच्या आधी सगळे कपडे काढून आंघोळ करावी लागते, आणि झालं, नॉर्दर्न लाइट्स, ज्वालामुखी सगळं राहिलं बाजूला, कमेंट्समध्ये हेच सुरू. 'दादा खरंच का?' 'सगळ्यांसमोर?' 'टॉवेल गुंडाळून नाही का चालत?' तर उत्तरं घ्या. खरंच. हो. नाही.

बेसिक पटकन उरकतो. देश आकाराने महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश, माणसं चार लाखांच्या आत, आणि त्यातले तीनातले दोन जण राजधानी रेकयाविक आणि तिच्या आसपासच राहतात. रेल्वे नाही, स्वतःचं सैन्य नाही, बहुतेकांना आपल्यासारखं आडनावही नाही, त्यामुळे राष्ट्राध्यक्षांनासुद्धा पहिल्या नावाने हाक मारतात. १९४४ पासून प्रजासत्ताक. आणि सगळीकडे बर्फ नसतो हो, हिमनद्यांखाली साधारण दहावा हिस्सा जमीन आहे. झालं बेसिक.

आता गरम पाणी. हा देश बसलाय दोन भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या दोन प्रचंड तुकड्यांच्या फटीवर, एक उत्तर अमेरिकेचा, एक युरेशियाचा, आणि ते वर्षाला साधारण दोन सेंटीमीटर लांब सरकतायत, त्यामुळे खालची उष्णता वरती येते. पूर्वी रेकयाविकच्या बायका धुवायच्या कपड्यांची ओझी घेऊन शहराबाहेरच्या गरम झऱ्यांवर चालत जायच्या, थंडीवाऱ्यात. मग १९३० मध्ये तिथलंच पाणी पाइपने शहरात आणलं, आणि आज दहातली नऊ घरं जमिनीतल्या गरम पाण्यावर ऊबदार राहतात. ज्यांनी ज्यांनी विचारलंय की हॉटेलच्या बाथरूममध्ये सडक्या अंड्याचा वास का येतो, तो ह्याचाच, गंधक. थंड नळाला वास नसतो, ते पाणी बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका प्लीज.

तर एवढं गरम पाणी असल्यावर पूल आलेच. छोट्या छोट्या गावांत पण उघड्यावरचा गरम पूल असतो, बाजूला हॉट पॉट, म्हणजे गरम पाण्याचं टाकं, साधारण ३८ ते ४२ डिग्री, आणि त्यात गळ्यापर्यंत बुडून लोक गप्पा मारतात, वर बर्फ पडत असला तरी. आपल्याकडे गावात पार असतो ना, तसं आहे ते. मासेमार, प्रोफेसर, कॉलेजची पोरं सगळे एकाच टाक्यात. पोहणं शाळेत सक्तीचं आहे, कारण समुद्रावर पोट असलेला देश आणि एकेकाळी पोहता न येणारे खलाशी किनाऱ्याजवळ बुडून मरायचे.

आता आंघोळ. ह्या पूलमध्ये क्लोरीन कमी टाकतात. कमी! म्हणजे तुमच्या अंगावरचा घाम, सनस्क्रीन, केसातलं तेल जे काय असेल ते सगळ्यांच्या पाण्यात जाणार. म्हणून आधी साबण लावून स्वच्छ व्हायचं, आणि स्विमसूट घालून साबण लागत नाही नीट, इतकं साधं आहे. शॉवरच्या भिंतीवर माणसाचं चित्र असतं, त्यावर डोकं, काखा, मांड्यांच्या मधला भाग आणि पाय लाल करून दाखवलेले, भाषा येत नव्हती म्हणायची सोयच नाही.

आमच्या ग्रुपमधले एक काका बर्म्युडा घालूनच शॉवरखाली उभे राहिले, वरून पाणी घेतलं आणि निघाले. दारात कर्मचाऱ्याने अडवलं, अगदी हसतमुखाने, परत पाठवलं. काका म्हणाले मी सकाळी हॉटेलवर आंघोळ केलीय. अहो काका, त्याला काय माहीत! आणि सकाळपासून तुम्ही तीन थर कपड्यांत घामाघूम झालात त्याचं काय?

एका ताईंनी लिहिलंय, 'आम्हाला लाज वाटते.' वाटू दे की. पण बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं असतं, आणि आत कुणी कुणाकडे बघत नाही. ती सगळी पोरं लहानपणापासून आजी-आजोबांबरोबर तिथे येतायत, शरीर म्हणजे सुरकुत्या, पोट, ऑपरेशनचे व्रण हे सगळं त्यांनी पाहिलेलं असतं. बघण्यासारखा एकच असतो, तो म्हणजे चड्डी घालून शॉवरखाली उभा असलेला टुरिस्ट, त्याच्याकडे मात्र सगळे बघतात! अगदीच जमत नसेल तर बऱ्याच ठिकाणी एखादा पडद्याचा किंवा दाराचा शॉवर असतो, तो वापरा. पण साबण आणि बिनकपड्याचं, हे तिथेही तसंच. परत सांगू? नको ना.

'मग ब्लू लगूनलाच जाऊ' (ते टुरिस्टांचं प्रसिद्ध गरम पाण्याचं तळं) असं म्हणणाऱ्यांना: तिथे बंद शॉवर आहेत, जा खुशाल. फक्त ते नैसर्गिक तळं समजू नका, शेजारच्या भूऔष्णिक, म्हणजे जमिनीतल्या उष्णतेवर चालणाऱ्या वीजकेंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्यातून झालंय ते. शिवाय २०२३ पासून त्या भागात वारंवार लाव्हा बाहेर येतोय, आधी चालू आहे का बघा. मला विचाराल तर रेकयाविकमधला १९३७ चा सुंदहोल, नगरपालिकेचाच पूल, तिकीटही बरंच स्वस्त, आणि शेजारी बसलेला माणूस तिथलाच असतो.

शेवटचं, बाहेर येताना. टॉवेल लॉकरमध्ये नाही, शॉवरपाशी रॅक असतो तिथे ठेवायचा, अंग कोरडं करूनच चेंजिंग रूममध्ये जायचं, तिथली फरशी ओली केलेली चालत नाही. टॉवेल लॉकरमध्ये विसरलात तर मग निथळत उभे राहा.