टिंपनीकडे कान ठेवा

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेवर दोनच रचना आहेत. बीथोव्हेनचा डी मेजरमधला (म्हणजे डी हा पायाचा स्वर) व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदाची रचना, ओपस (रचनाक्रमांक) 61, आणि मध्यंतरानंतर त्याचीच चौथी सिंफनी, ओपस 60. दोन्ही 1806 सालच्या. वाद्यंही तीच: फ्लूट एकच, ओबो, क्लॅरिनेट, बसून (खर्जातलं वाद्य), हॉर्न, ट्रंपेट ही बाकीची फुंकवाद्यं दोन-दोन, टिंपनीची, म्हणजे ठरावीक सुरात लावलेल्या मोठ्या नगाऱ्यांची जोडी आणि तंतुवाद्यं.

नजर एकल वादकावर असू द्या, पण कान मागच्या रांगेकडे ठेवा. कॉन्चेर्टो सुरू होतो तो टिंपनीच्या पाच हलक्या ठोक्यांनी. चार एकटेच पडतात, पाचव्यावर ओबो वगैरे मंडळी येतात. पुढच्या तेवीस-चोवीस मिनिटांची, म्हणजे सबंध पहिल्या भागाची लय इथेच ठरते. ठोके घाईत पडले तर पुढे व्हायोलिनच्या सगळ्या नक्षीची फरफट होते. फार संथ पडले तर हा भाग संपता संपत नाही.

दहाव्या बारमध्ये (तालाच्या मापात) पहिली व्हायोलिनं, म्हणजे वाद्यवृंदातल्या व्हायोलिनांचा पहिला गट, तेच ठोके वाजवतात, पण डी-शार्पवर, डीच्या लगेच वरच्या स्वरावर. डी मेजरमध्ये हा स्वर परका आणि त्याच्या खाली आधाराला काहीच नाही. तो किंचित जरी उतरला, तरी बीथोव्हेनचा धाडसी स्वर वादकांची चूक वाटू लागतो.

एकल वादक 88 बार, म्हणजे सुमारे तीन मिनिटं, गप्प उभा असतो. वातानुकूलित सभागृहात बोटं गार पडतात, आणि मग एकदम तुटक सप्तकांची चढण. तोच स्वर खाली आणि लगेच वर. दोन्ही जुळले नाहीत तर शेवटच्या रांगेतही कळतं. आपला गायक तंबोऱ्यावर सा लावून सावकाश सुरू करतो, तशी सवड इथे नाही. म्हणून काही जण आधीच पहिल्या व्हायोलिनांबरोबर हळूच वाजवून हात गरम करतात.

कडेन्झा, म्हणजे वाद्यवृंद थांबल्यावर एकल वादकाने वाजवायचा तुकडा, बीथोव्हेनने व्हायोलिनसाठी लिहिलाच नाही. बहुतेक जण क्राइस्लर किंवा योआखिम या जुन्या व्हायोलिनवादकांचा वाजवतात. पण याच कॉन्चेर्टोचं त्याने पियानोसाठी रूपांतर केलं, त्यातल्या कडेन्झात पियानोच्या जोडीला चक्क टिंपनी आहे! काही व्हायोलिनवादक तोच व्हायोलिनवर आणतात. ऐकायला मिळाला तर सोडू नका.

दुसऱ्या भागात टिंपनी गप्प. तो न थांबता तिसऱ्यात शिरतो, तेव्हा टाळ्यांची घाई नको.

मध्यंतरात टिंपनीवाला मात्र कामाला लागतो. जोडीचे सूर बदलायचे: डी आणि ए वरून बी-फ्लॅट आणि एफ. सिंफनीच्या दुसऱ्या भागाआधी पुन्हा बदल, ई-फ्लॅट आणि बी-फ्लॅट. आजच्या टिंपनीला सूर बदलायला पेडल असतं; तरी कातडं ओढ घेतं, म्हणून तो वाद्यावर वाकून, बोटाने टिचकी मारत सूर तपासताना दिसेल.

सिंफनीच्या पहिल्या भागात मूळ सुरावट परत येण्याआधी बी-फ्लॅटवर टिंपनीचा लांब, दबका घुमारा आहे. तिथवर भरकटलेलं संगीत तोच हळूहळू घरी आणतो. घुमारा लवकर चढला की पुढच्या स्फोटाला दमच उरत नाही. अडाज्योच्या, म्हणजे संथ दुसऱ्या भागाच्या शेवटी तर टिंपनी एकटीच, अगदी हळू आवाजात, भागाच्या सुरुवातीची ठेक्याची आकृती वाजवते.

शेवटच्या भागात बसूनचा एक झपाटेदार तुकडा आहे. कंडक्टरने लय जास्त पळवली असेल तर फुंकताना स्वर तोडणारी जीभ मागे पडते आणि स्वर एकमेकांत मिसळतात. तो साफ निघाला, तर टाळ्यांच्या वेळी कंडक्टर बसूनवाल्याला नक्की उभा करतो. त्याच्या मागेच टिंपनीवाला दिसेल.