पीआर किती आले?

(दृश्य: बडोदे, दांडिया बाजार. सकाळची अरुंद गल्ली, ओट्यावर वर्तमानपत्र, एका दाराशी चपलांचा ढीग.)

मे महिना. बारावी सायन्सचा निकाल आज सकाळीच लागलाय. या घरातला फोन तेव्हापासून थांबलेला नाही, आणि फोन कुणाचाही असो, पहिला प्रश्न एकच: पीआर किती आले?

पुण्या-मुंबईच्या माणसाला हा प्रश्न जरा चमत्कारिक वाटेल. तिकडे "किती टक्के पडले?" असं विचारतात. बडोद्यात, खरं तर सगळ्या गुजरातेतच, बोर्डाच्या निकालावर गुणांच्या जोडीला पर्सेंटाइल रँक छापून येतो. त्यामुळे इथल्या मराठी घरांतही पीआर हा शब्द मराठीच झालाय.

या घरातल्या मुलीला गुण अठ्ठ्याहत्तर टक्के, पीआर ९१. आजींनी दोन्ही आकडे ऐकले, त्यातला मोठा उचलला आणि पेढ्यांचा डबा घेऊन शेजारी निघाल्या. "नातीला एक्याण्णव टक्के!" नात मागून "अगं आजी, ते टक्के नाहीत!" म्हणत धावली, तोवर तीन घरं वाटून झाली होती.

आजींना हसू नका. हीच चूक शिकलेसवरलेले लोक रोज करतात, फक्त पेढे वाटत नाहीत.

टक्के म्हणजे मुलीचा आणि प्रश्नपत्रिकेचा आपसातला हिशेब. शंभर गुणांचं होतं, अठ्ठ्याहत्तर मिळाले. मध्ये तिसरं कुणी नाही. पीआर हा मुलीचा आणि बाकीच्या मुलांचा हिशेब. परीक्षेला बसलेल्या दर शंभरांतल्या एक्याण्णव जणांना तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण पडले, एवढंच तो सांगतो. पेपर सोपा निघून सगळ्यांचेच दहा-दहा गुण वाढले असते, तर टक्के वाढले असते आणि पीआर जागचा हलला नसता. पाठ्यपुस्तकात याला शतमक म्हणतात. बोलताना कुणी म्हणत नाही, तेव्हा आम्हीही हट्ट धरत नाही.

(दृश्य: नीटची तयारी करणाऱ्या मुलांची अभ्यासिका. भिंतीवर आवर्त सारणी.)

हा घोळ सगळ्यात महाग पडतो तो नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळी. खुल्या गटासाठी पात्रतेची अट आहे पन्नासाव्या पर्सेंटाइलची. ते वाचून बरेच पालक समजतात की ७२० पैकी निम्मे, म्हणजे ३६० गुण हवेत. २०२५ साली पन्नासावं पर्सेंटाइल पडलं १४४ गुणांवर. टक्क्यांत सांगायचं तर बरोबर २०. आदल्या वर्षी तीच रेघ १६२ वर होती, त्याच्या आदल्या वर्षी १३७ वर. अट तिन्ही वर्षं तीच, गुण मात्र दर वर्षी वेगळे.

मग दुसरा गट कपाळाला हात लावतो: वीस टक्क्यांवर डॉक्टर! तेही तसं नाही. १४४ गुणांनी फक्त रांगेत उभं राहता येतं. सरकारी कॉलेजात जागा मिळायला त्याच्या कितीतरी पुढे जावं लागतं. आणि १६२ वरून १४४ वर घसरण झाली म्हणून मुलं एका वर्षात मंद झाली, असंही नाही. २०२५ चा पेपरच कठीण होता. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते, आदल्या वर्षी ७२० पैकी ७२० वाले एकाहून जास्त होते.

जाता जाता एक गंमत. २०२३ मध्ये जागा रिकाम्या राहताहेत म्हणून नीट-पीजीची, म्हणजे डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची, पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. लोकांनी वाचलं, शून्य गुणांना प्रवेश. शून्य पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण. चाळणी काढून ठेवली, एवढाच त्याचा अर्थ.

(दृश्य: जुन्या शहरातली मिरवणूक. वाजंत्री, दिवे, दाटीवाटीने चाललेले लोक.)

तुळशीच्या लग्नाला नरसिंहजींचा वरघोडा निघतो, तो पाहिलेल्याला पर्सेंटाइलची दुसरी खोड चटकन कळेल. वरघोड्याच्या मध्यावर तुम्ही दोन पावलं रेटून पुढे गेलात, तर वीस माणसं मागे पडतात. अगदी पुढे, जिथे गर्दी विरळ आहे, तिथे वीस पावलं चाललात तरी दोनच माणसं मागे पडतील. पर्सेंटाइल पावलं मोजत नाही, माणसं मोजतं. म्हणून गर्दीच्या ठिकाणी दोन-तीन प्रश्नांच्या फरकानं पीआर धाडकन उडी मारतो. उलट ९९ आणि ९९.९ हे शेजारी वाटतात, पण त्या दोघांमधली गुणांची दरी कित्येकदा खूप मोठी असते. पन्नासवरून साठवर जाणं आणि नव्वदवरून शंभराच्या जवळ पोहोचणं, या दोन्ही चढणी कागदावर दहा-दहाचीच दिसतात. चढून पाहिलेली मुलं तसं म्हणणार नाहीत.

याचमुळे दोन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढणं धोक्याचं. घरोघरी काढतात, तो भाग वेगळा.

(दृश्य: कारेलीबाग आणि ओल्ड पादरा रोडवरचे क्लासचे फलक. हसऱ्या मुलांचे फोटो, खाली ठळक आकडे.)

या फलकांवर टक्के क्वचितच सापडतील. सगळीकडे ९९ च्या पुढचं काहीतरी. "आमचे बेचाळीस विद्यार्थी ९९ पीआरच्या वर." छान. पण क्लासमध्ये होते किती? चारशे की चार हजार? छेद लपवून ठेवला की अंश नेहमीच देखणा दिसतो. शंभर जणांत एकाने ९९ च्या वर असणं हे तर पीआरच्या व्याख्येतच आहे. चार हजारांतून बेचाळीस आले असतील, तर क्लासनं काय केलं हे शोधावं लागेल.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा, जेईई मेनचा, आकडा आणखी एका वळणाने येतो. परीक्षा एका दिवसात होत नाही. अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या पाळ्या, प्रत्येक पाळीला वेगळा पेपर. एका पाळीचा पेपर अवघड निघाला तर तिथल्या मुलांनी काय करायचं? म्हणून २०१९ पासून मिळालेले गुण सरळ एकमेकांशी लावत नाहीत. आधी प्रत्येक पाळीच्या आत पर्सेंटाइल काढतात, मग सगळ्या पाळ्या एकत्र करतात. प्रत्येक पाळीतल्या पहिल्याला १०० मिळतात, मग त्याचे गुण २८० असोत की ३००. एकाच वेळी डझनभर मुलांना शंभर पर्सेंटाइल कसे, असं विचारणाऱ्या काकांना हे उत्तर.

या पद्धतीमागे एक गृहीत आहे: मुलं पाळ्यांमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटली गेली आहेत, म्हणून सकाळच्या लाखभर मुलांची एकूण तयारी दुपारच्या लाखभर मुलांइतकीच असणार. एवढ्या मोठ्या गर्दीत ते बऱ्यापैकी टिकतं. चाळीस-चाळीसच्या दोन वर्गांत टिकणार नाही, आणि क्लासवाले आपल्या सराव परीक्षांना हेच सूत्र लावतात तेव्हा आम्हाला हसू येतं.

बरं, हा पर्सेंटाइल दशांश चिन्हापुढे सात स्थळांपर्यंत देतात. २०२५ साली जेईई ॲडव्हान्स्डला, म्हणजे आयआयटीसाठीच्या पुढच्या परीक्षेला, बसण्यासाठी खुल्या गटाची रेघ होती ९३.१०२३२६२. लाखाच्या पाळीत एक मूल म्हणजे ०.००१. मग त्यापुढची स्थळं कशासाठी? बरोबरीत अडकलेल्यांना वेगळं करायला, रांग लावायला. मुलाची समज सातव्या स्थळापर्यंत मोजली गेली, असा त्याचा अर्थ नाही.

(दृश्य: महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा घुमट. तिथून कॅमेरा एका बाळाच्या हातावर. समोर लाल कडं, घंटी, ठोकळे, कप.)

तुलना कुणाशी करायची, हा प्रश्न या शहरात फार आधी विचारला गेला. तोही सतरा-अठरा वर्षांच्या नव्हे, दुपट्यातल्या मुलांसाठी.

बाळाचा विकास मोजायला नॅन्सी बेली यांच्या अमेरिकन मापनश्रेणी होत्या. बाळ आधाराशिवाय कधी बसतं, ठोकळा एका हातातून दुसऱ्या हातात कधी घेतं, चिमटीत बारीक वस्तू कधी पकडतं. प्रत्येक कृतीपुढे वय. पण ते वय अमेरिकेतल्या बाळांचं. बडोद्याच्या वाड्यात आजीच्या मांडीवर, माणसांच्या गजबजाटात वाढणाऱ्या बाळाला ती पट्टी का लावायची? डॉ. प्रमिला फाटक यांनी इथल्या विद्यापीठात बडोद्याच्याच बाळांना तपासून मानकं तयार केली. १ ते ३० महिन्यांच्या भारतीय बाळांच्या वाढीवरचा त्यांचा अहवाल १९७० चा. त्यातून उभी राहिलेली चाचणी आज डीएएसआयआय या नावाने बालविकास केंद्रांत वापरली जाते. तिच्या मानकांना देशभर "बडोदा नॉर्म्स" म्हणतात. आमच्या गावाचं नाव मिठाईखेरीज आणखी कशाला लागलंय, हे गावातच फारसं कुणाला माहीत नाही.

या चाचणीतलं वय कसं ठरतं, ते नीट ऐका. ज्या वयात निम्मी बाळं एखादी कृती करू लागतात, ते त्या कृतीचं वय. म्हणजे निम्मी निरोगी बाळं त्या वयात ती करत नसतातच. मोबाईलवर "सातव्या महिन्यात बाळाने हे करायलाच हवं" असा तक्ता पाहून रात्रभर जागणाऱ्या आयांना एवढं एक वाक्य कुणी सांगत नाही.

तपासणीनंतर कागदावर विकासांक येतो. बाळ ज्या वयाच्या बाळांसारखं वागतं, ते वय भागिले त्याचं खरं वय, गुणिले शंभर. दहा महिन्यांचं बाळ आठ महिन्यांच्या बाळासारखं वागत असेल तर अंक ८०. आई घाबरते. पण हे बाळ दोन महिने आधी जन्मलेलं असेल तर? मग डॉक्टर पोटातले राहिलेले दोन महिने वजा करतात. वय धरायचं आठ, आणि अंक येतो १००. बाळात काही बदललं नाही. बदललं ते, कुठल्या बाळांच्या रांगेत त्याला उभं केलं, हे. साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत ही वजाबाकी करतात, म्हणून तपासणीला जाताना जन्माची खरी तारीख आणि कितव्या आठवड्यात जन्म झाला, हे दोन्ही सांगावं लागतं.

अशा मोजमापाची आणखी एक गोष्ट निकालाच्या कागदावर बहुतेक वेळा छापलेली नसते. बुद्धिमापनाच्या चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (अंक सरासरीभोवती किती पसरतात, ते) १५ ठेवायची रीत आहे. चाचणीची विश्वासार्हता, म्हणजे पुन्हा मोजलं तर निकाल कितपत तसाच येतो ते, १ पैकी ०.९१ असेल, आणि ती चांगली मानली जाते, तरी मोजण्यातली चूक साडेचारची निघते. १ मधून ०.९१ वजा केले की ०.०९, त्याचं वर्गमूळ ०.३, गुणिले १५. म्हणजे कागदावर ९६ असेल तर खरा अंक साधारण ९१ ते १०१ च्या दरम्यान कुठेतरी, तेही तीनांतल्या दोन वेळा. भाजीवालीचा काटा दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे होतो हे आपण धरूनच चालतो. निकालाच्या कागदाला ती सवलत देत नाही. सत्तरच्या खाली विलंब अशी रेघ मारली, की ६९ वालं मूल रेघेखाली आणि ७१ वालं वर. चाचणीला मात्र त्या दोघांत फरक करता येत नाही. चांगला तपासनीस अशा वेळी थांबतो, घरच्यांशी बोलतो, काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतो.

जेईई मेन देणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असतं. जानेवारीत एक आकडा, एप्रिलमध्ये दुसरा, त्यातला चांगला धरतात. मूल तेच.

(दृश्य: पुन्हा दांडिया बाजार. संध्याकाळ. झोपाळ्यावर आजी, कानाला फोन. पायाशी नात.)

फोन पुण्याचा आहे, आजींच्या बहिणीचा. तिच्या नातवाचा महाराष्ट्राच्या सीईटीचा निकालही लागलाय, आणि त्यालाही पर्सेंटाइल आलेत नेमके एक्याण्णव.

"टक्के नाहीत गं, पीआर," आजी तिला समजावून सांगतात. आज सकाळपासून आठव्यांदा. मग पलीकडचं ऐकून हात फोनवर ठेवतात आणि नातीला हळूच विचारतात, "त्याचे आणि तुझे सारखेच झाले की गं मग?"

नात बोटांवर मोजते. तिच्या एक्याण्णवात फक्त गुजरात बोर्डाची सायन्सची मुलं. समोरच्याच घरातला सीबीएसईचा मुलगासुद्धा त्यात नाही. त्याच्या एक्याण्णवात सीईटीला बसलेली मुलं, बोर्ड कुठलंही असो. पेपर वेगळा, माणसं वेगळी.

"नाही आजी. त्यांचा वरघोडा वेगळा."

आजी क्षणभर तिच्याकडे बघतात, मग फोन कानाला लावतात. "ऐकलंस का? सारखे नाहीत म्हणते ही. आता त्यातलं मला काही विचारू नकोस. पेढे पाठवते, पत्ता तोच ना?"