आधी दफनभूमी, मग प्रार्थनाघर

नमस्कार मंडळी. आज थेट जुलै १६६५ मध्ये जाऊ या. इंग्लंडमधलं ॲमरशम गाव. भररस्त्यातून अंत्ययात्रा चाललीय. वारलेला माणूस एडवर्ड पेरट. गावाच्या टोकाला त्याची फळबाग होती आणि तिचा काही भाग त्यानं जिवंतपणीच दफनासाठी राखून ठेवला होता. शवपेटी तिकडेच निघाली होती.

इतक्यात सराईतून ॲम्ब्रोज बेनेट नावाचा न्यायदंडाधिकारी उपसलेली तलवार घेऊन धावत आला. त्यानं पुढच्या खांदेकऱ्यावर वार केला आणि पेटी खाली ठेवायला फर्मावलं. खांदेकऱ्याचं नाव थॉमस डेल. त्यानं मार सोसला, पण पेटी सोडली नाही. खांद्यावरून ती निसटली तर मेलेल्या माणसाची विटंबना होईल, ही त्याची धास्ती. शेवटी बेनेटनं स्वतःच्या हातानं पेटी ढकलून दिली. लोकांना पकडून एल्सबरीच्या तुरुंगात पाठवलं आणि पेटी दिवसभर रस्त्यात तशीच पडून राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या तिला वळसा घालून जात होत्या.

हे सगळं थॉमस एलवुडनं लिहून ठेवलंय. तो त्या अंत्ययात्रेत होता आणि तुरुंगातही गेला.

या माणसांचा गुन्हा काय? ते क्वेकर होते. प्रोटेस्टंटच, पण सरकारी चर्च न मानणारे. पाद्री नाही, वेदी नाही, एकत्र शांत बसून प्रार्थना करायची. १६६४ च्या कायद्यानुसार घरच्या माणसांखेरीज पाच किंवा जास्त जण अशा प्रार्थनेसाठी जमले तर तो अपराध. गावातली दफनभूमी म्हणजे सरकारी चर्चचं आवार, आणि तिथे यांना जायचं नव्हतं. पेरटला मात्र शेवटी तिथेच पुरलं, तेही आवाराच्या पवित्र न केलेल्या भागात.

आता जमिनीकडे येऊ. एका माणसाच्या बागेतला कोपरा त्याच्या माघारी वारसांच्या मर्जीवर असतो. शेताच्या बांधावरून भावकीत काय काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून क्वेकरांनी जमिनी एकाच्या नावावर न ठेवता अनेक विश्वस्तांच्या नावावर ठेवायची पद्धत धरली. एक गेला तरी बाकीचे असतात, आणि जुने संपायच्या आत नवे नेमायचे. हे नेमणं राहून गेलं, तर मात्र हक्काचा गुंता होतो.

ॲमरशमपासून काही मैलांवर जॉर्डन्स नावाची शेतवाडी आहे. मालक विल्यम रसेल. त्याच्याच घरात क्वेकरांच्या सभा भरायच्या. १६७१ मध्ये त्याच्याकडून दफनासाठी तुकडा घेतला. राजा दुसऱ्या जेम्सनं १६८७ मध्ये सवलतीचा जाहीरनामा काढला, म्हणजे सरकारी चर्च न मानणाऱ्यांनाही उघड प्रार्थनेची मोकळीक दिली, आणि १६८८ मध्ये तिथेच मीटिंग हाऊस, म्हणजे क्वेकरांचं प्रार्थनाघर, उभं राहिलं. म्हणजे मेलेल्यांना जागा मिळाली, त्यानंतर सतरा वर्षांनी जिवंतांना. मला या क्रमाचं फार वाटतं.

साधी विटांची वास्तू, खाली विटांचीच जमीन, लाकडी बाकं. मार्च २००५ मध्ये आग लागली, छत गेलं, पण सतराव्या शतकातली बाकं वाचली.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन, तोही क्वेकरच, १७१८ पासून याच जमिनीत आहे. त्याची बायको गुलिएल्मा त्याच्याआधी, १६९४ मध्ये, इथेच पुरलेली. १८८१ मध्ये अमेरिकेतून माणसं आली: पेनचे अवशेष फिलाडेल्फियाला न्यायचे, मोठं स्मारक बांधायचं. पेनच्या काळातले क्वेकर कबरीवर दगडही लावत नसत, त्यामुळे नेमकी कबर कुठली याचीच खात्री नव्हती. विश्वस्तांनी परवानगी दिली नाही. खोदकाम झालं नाही.