मोठं शहर बघून कॉलेज निवडू नका! कॉन्फरन्समध्ये नवीन टीम कुणाची घ्यावी?

नमस्कार मंडळी! मागच्या अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या व्हिडिओपासून कमेंट्समध्ये एकच धोशा लागलाय: "ताई, पॅक-ट्वेल्व्हने आता आणखी कुणाला घ्यावं?" तर आज बोलूनच टाकू.

नवीन मंडळींसाठी पटकन सांगते. कॉन्फरन्स म्हणजे आपापसांत सामने खेळणाऱ्या आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकणाऱ्या विद्यापीठांचा गट. पैसे आले की वाटणी होते. पॅक-ट्वेल्व्ह हा अमेरिकेच्या पश्चिमेकडचा असाच एक गट. २०२४ मध्ये त्यातून दहा जण बाहेर पडले. ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट हे दोघंच उरले. वरच्या पातळीवर टिकायला किमान आठ फुटबॉल टीम लागतात, म्हणून बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट आणि शेवटी टेक्सस स्टेट असे सहा जण २०२६ च्या मोसमासाठी जोडले. गोंझागाही घेतलं, पण त्यांच्याकडे फुटबॉल नाही, त्यामुळे ते या आठात धरत नाहीत.

आता मुद्द्यावर येते. दर तिसरी कमेंट असते: "अमुक शहर केवढं मोठं आहे, तिथलं कॉलेज घ्या!" मंडळी, शहर टीव्ही बघत नाही, माणसं बघतात.

मी राहते न्यू जर्सीत, एडिसनला. रटगर्स विद्यापीठाचं स्टेडियम इथून जवळच, पिस्कॅटवेला. २०१४ मध्ये बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सने रटगर्स आणि मेरीलँडला घेतलं, तेव्हा हिशोब केबलचा होता. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या परिसरातल्या घरांत बिग टेनची वाहिनी पोचली की दर कनेक्शनमागे पैसे मिळणार, मग त्या घरात कुणी सामना लावो न लावो. तेव्हा ते गणित बरोबरच होतं. पण आता लोक धडाधड केबल तोडतायत. स्ट्रीमिंगवर जो सामना उघडतो, तोच मोजला जातो. २०१४ चं गणित घेऊन आजचं कॉलेज निवडू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसऱ्या बाजूने बघा. समजा दहा विद्यापीठांना टीव्हीचे ३० कोटी डॉलर मिळतात, म्हणजे प्रत्येकी ३ कोटी. अकरावं आलं आणि वाहिनीने २ कोटी वाढवून दिले. रक्कम वाढली म्हणून सगळे खूश! पण ३२ ला अकराने भागा. प्रत्येकाला २ कोटी ९१ लाख. म्हणजे जुन्या दहाही जणांच्या खिशाला नऊ-नऊ लाखांची चाट. एकत्र कुटुंबात नवा वाटेकरी आला की आधी विचारतात ना, हा घरात काय आणणार? इथेही तेच विचारायचं. नवीन विद्यापीठाने सध्याच्या वाट्याइतके तरी पैसे आणायला हवेत. "मोठं नाव आहे हो" हे उत्तर होत नाही.

तिसरी बाजू एसीसीची, म्हणजे पूर्व किनाऱ्याकडच्या कॉन्फरन्सची. त्यांनी २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कली) ही दोन विद्यापीठं आणि डॅलसचं एसएमयू घेतलं. आता म्हणाल, बघा, मोठी शहरंच घेतली! अहो, पण कोणत्या अटीवर? एसएमयूने टीव्हीच्या पैशातला वाटा नऊ वर्षं सोडला. स्टॅनफर्ड आणि कॅल सुरुवातीला साधारण तीस टक्क्यांवर आले. करारानुसार वाहिनीकडून या तिघांचे पैसे मात्र येणारच होते. जो फरक उरला तो जुन्या सभासदांकडे वळला. तरीही क्लेमसन, फ्लोरिडा स्टेट आणि नॉर्थ कॅरोलायनाने विरोधात मत दिलं. एसएमयूने पहिल्याच वर्षी प्लेऑफ गाठली, ते कौतुकच आहे. पण प्रवेश मिळाला तो वाट्यावर पाणी सोडलं म्हणून.

"ताई, तुम्ही फक्त पैशाचंच बोलता," असं एकाने लिहिलंय. नाही हो, मला पोरांची जास्त काळजी वाटते. फुटबॉल टीम मोसमात पाच-सहा वेळाच बाहेर जाते, तीही खास विमानाने. व्हॉलीबॉलचं तसं नाही, त्यांचे आठवड्याला बहुधा दोन सामने असतात. माझ्या मैत्रिणीची मुलगी व्हॉलीबॉल खेळते. नेवार्कच्या विमानतळावर ती मला भेटली: गुडघ्यावर बर्फाची पिशवी, मांडीवर लॅपटॉप, केमिस्ट्रीचा लॅब रिपोर्ट अर्धा झालेला, विमान दोन तास लेट. एवढी गुणी पोरगी, आणि आपण स्टुडिओत बसून म्हणायचं, कॅलिफोर्नियाच्या पोरांनी बोस्टनला जाऊन खेळावं!

जुन्या पॅक-टेनने, म्हणजे पॅक-ट्वेल्व्ह दहा जणांची होती तेव्हा, यावर छान तोडगा काढला होता: जोड्या. ॲरिझोना आणि ॲरिझोना स्टेट, स्टॅनफर्ड आणि कॅल, यूसीएलए आणि यूएससी. बास्केटबॉलची पाहुणी टीम गुरुवारी एकाकडे खेळायची, शनिवारी शेजारच्याकडे, आणि परत. एका फेरीत दोन सामने. २०११ मध्ये कॉन्फरन्स वाढवली तीसुद्धा युटा आणि कोलोरॅडो अशी दोघांनी.

म्हणून माझं उत्तर: यूटीएसए, म्हणजे टेक्सस विद्यापीठाची सॅन अँटोनियो शाखा. टेक्सस स्टेट आहे सॅन मार्कोसला, बाकी सगळ्यांपासून लांब, एकटं. यूटीएसए सॅन अँटोनियोला, तिथून साधारण ८० किलोमीटर. ऑरेगनहून पोरं एवढ्या लांब येणारच आहेत, तर एका फेरीत दोन सामने होऊ देत. २०२४ मध्ये यूटीएसएने नकार दिला होता, हे मला माहीत आहे. मेम्फिस, टुलेन आणि साउथ फ्लोरिडानेही दिला होता. त्या तिघांच्या मागे मी लागणार नाही, कारण त्यांना घेतलं तर लांबचा प्रवास आणखी वाढतो. यूटीएसएला मात्र पुन्हा विचारा, आता तिथे शेजारी आहे. फक्त वाट्याचा आकडा आधी कागदावर मांडा. तो जमत नसेल तर आठांवरच थांबा.

आणि नोट्र डेम, नोट्र डेम लिहिणाऱ्यांनो! फुटबॉलमध्ये हे विद्यापीठ कुठल्याच कॉन्फरन्सचं सभासद नाही, १९९१ पासून त्यांच्या घरच्या सामन्यांचा एनबीसी वाहिनीशी स्वतंत्र करार आहे. त्यांना कोण घेणार, ते स्वतःच ठरवतात.

तुमची निवड कमेंटमध्ये लिहा. पण नुसतं कॉलेजचं नाव नको. त्याच्या सर्वांत जवळचा सभासद कोण आणि तो किती किलोमीटरवर आहे, तेही लिहा.