चमचाभर अफू : पॅरेगोरिकची गोष्ट

(दृश्य : पाण्याचा पेला. ड्रॉपरमधून तपकिरी थेंब पडतात.)

बाटलीत असताना हे औषध तपकिरी आणि नितळ दिसतं. पाण्यात पडलं की पाणी दुधाळ होतं. कापूर आणि ॲनिस या विलायती बडीशेपेचं तेल दारूत विरघळतं, पाण्यात नाही. पाणी मिळताच ते बारीक बारीक थेंब होऊन बाहेर पडतं, म्हणून हा पांढुरका ढग. बूच उघडल्यावर नाकात शिरतो तो वासही या दोघांचाच. अफूचा उग्र दर्प त्यांच्याआड दबून जातो.

याचं नाव पॅरेगोरिक. औषधशास्त्राच्या ग्रंथांत त्याला कापूरयुक्त अफूचा अर्क म्हणतात. युरोप-अमेरिकेतल्या घरांत पिढ्यानपिढ्या या बाटलीला औषधांच्या फडताळात हक्काची जागा होती. जुलाब लागले, पोटात मुरडा आला, की बाटली खाली काढायची आणि चमचाभर औषध पाण्यात घालून प्यायचं. दात येणाऱ्या बाळाच्या हिरड्यांवरही बोटाने हेच चोळत. त्या बोटावर अफू होती, हे तेव्हाच्या आयांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण अफू तेव्हा घरातलीच वस्तू होती.

(दृश्य : लायडनचे कालवे, जुनं विद्यापीठ.)

गोष्ट सुरू होते हॉलंडमध्ये. लायडनच्या विद्यापीठात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला याकोब ले मॉर्ट हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. अफू, कापूर, मध, ज्येष्ठमध, ॲनिस आणि मद्यार्क असं एक मिश्रण त्यांनी बसवलं. ते होतं मात्र दम्यासाठी! १७२१ साली लंडनच्या अधिकृत औषधसंहितेत ते आलं तेही दम्याचं औषध म्हणूनच. पुढे त्यातला मध गेला, ज्येष्ठमध गेलं, प्रमाणं बदलली. कापूर, ॲनिस आणि अफू मात्र टिकून राहिली, आणि औषध छातीवरून हळूहळू पोटावर उतरलं.

ते पोटावर उतरणं साहजिकच होतं, कारण अफू आणि जुलाब यांचं नातं त्याहून जुनं आहे. सतराव्या शतकात लंडनचे डॉक्टर टॉमस सिडनहॅम आमांशाच्या रोग्यांना अफूचा दारूतला अर्क देत होते. त्यात केशर, दालचिनी आणि लवंगही असे. हा अर्क म्हणजे लॉडनम. गुण यायचा, पण लॉडनम जहाल. मात्रा थेंब मोजून घ्यायची आणि मोजताना हात हलला तर पंचाईत. पॅरेगोरिक म्हणजे तीच अफू, फार पातळ केलेली.

किती पातळ? अमेरिकी औषधसंहितेतलं प्रमाण पाहा. एक लिटर पॅरेगोरिकमध्ये अफूची पूड साधारण ४.३ ग्रॅम. एका मिलिलिटरमध्ये मॉर्फिन ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर औषधात २ मिलिग्रॅम. साध्या अफूच्या अर्कात एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम मॉर्फिन असतं. पंचवीसपट फरक. आणि हो, पॅरेगोरिकमध्ये जवळपास ४५ टक्के मद्यार्क असतो. चमचा घेतल्यावर घशातून पोटापर्यंत जी ऊब उतरायची, तिचं बरंचसं श्रेय त्याला.

(दृश्य : अफूचं बोंड, त्यावरच्या उभ्या चिरा, चिरांतून पाझरणारा पांढरा चीक.)

अफूने जुलाब थांबतो कसा? बोंडाला चीर दिली की पाझरणारा हा चीक वाळून तपकिरी, चिकट होतो. ती अफू. तिच्यात मॉर्फिन असतं, कोडीन असतं, पापाव्हेरीन असतं. काम मुख्यतः मॉर्फिनचं, आणि इथे आतड्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं.

आतड्याला स्वतःची मज्जासंस्था असते. स्नायूंच्या दोन थरांमध्ये मज्जापेशींचं जाळं पसरलेलं असतं आणि अन्न पुढे ढकलणाऱ्या लाटा तिथूनच उठतात. मेंदूच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. या मज्जापेशी असेटिलकोलीन नावाचं रसायन सोडतात, त्याने स्नायू आकुंचन पावतो. मॉर्फिन नेमकं हे रसायन सुटणंच कमी करतं. मग पुढे ढकलणाऱ्या लाटा मंदावतात. आतडं सैल पडत नाही हं, उलट जागच्या जागी आवळून धरतं. गुदद्वाराचा स्नायूही घट्ट होतो. आतला ऐवज रेंगाळतो आणि रेंगाळला की त्यातलं पाणी शोषून घ्यायला आतड्याला वेळ मिळतो. त्यात पाचकरस पाझरण्याचं प्रमाणही घटतं. मुरडा थांबतो, शौचाची घाई थांबते.

अफूची नशा सवयीने बोथट होते, रोज तेवढ्याच कैफासाठी मात्रा वाढवावी लागते. बद्धकोष्ठाचं तसं नाही. आतडं अफूला फारसं सरावत नाही. जुन्या व्यसनी माणसाची मोठी तक्रार पोट साफ न होण्याची असते ती यामुळे.

(दृश्य : प्रयोगशाळा. काचेच्या नळीत टांगलेला आतड्याचा लहानसा तुकडा, ठरावीक अंतराने आखडणारा.)

गिनीपिगच्या लहान आतड्याचा तुकडा कोमट क्षारजलात टांगून ठेवला आणि विजेचे हलके झटके दिले, की तो झटक्यागणिक आखडतो. द्रवात मॉर्फिन घातलं की आखडणं ओसरतं. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला हान्स कोस्टरलिट्झ यांनी अफूजन्य औषधं जोखण्यासाठी हाच तुकडा वर्षानुवर्षं वापरला. १९७५ साली त्यांनी आणि जॉन ह्यूज यांनी डुकराच्या मेंदूतून असं द्रव्य वेगळं काढलं, की जे अशा तुकड्यांवर हुबेहूब मॉर्फिनसारखं वागायचं. शरीर स्वतःच अफूसारखं काहीतरी तयार करतं, याचा तो पुरावा. मेंदूविज्ञानातल्या एवढ्या मोठ्या शोधात आतड्याचा हा वाटा सहसा कुणी सांगत नाही.

आता या औषधाच्या उणिवेकडे येऊ. ती त्याच्या गुणातच दडलेली होती.

(दृश्य : १८३२, ब्रिटनमधलं एक बंदर. बंद खिडक्या.)

जुलाबाने माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, आतडं पाणी बाहेर ओतत सुटतं. रोग बळावला तर तासाला लिटरभरसुद्धा. एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर अशा रोग्याला अफू देत. कधीकधी शौच कमी व्हायचंही. पण पाणी आतड्यात झिरपतच राहायचं. बाहेर दिसत नव्हतं, एवढंच. घरच्यांना वाटायचं उतार पडला, आणि रोगी डोळे खोल जाऊन थंड पडत असायचा.

रक्तातलं पाणी आणि क्षार कमी झालेत हे विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने तपासून दाखवलं होतं. ते वाचून १८३२ साली लीथ बंदरात टॉमस लॅटा यांनी एका म्हाताऱ्या बाईच्या शिरेत कोमट मिठाचं पाणी सोडलं. नाडी लागत नव्हती अशी ती अवस्था. सहा पाइंट पाणी गेल्यावर बाई बोलू लागली. लॅटा निर्धास्त होऊन तिला दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली करून गेले. जुलाब पुन्हा सुरू झाले, शिरेतून पाणी मात्र पुन्हा दिलं गेलं नाही, आणि काही तासांत ती गेली. उपाय सापडला होता, तरी तो रुजायला कित्येक दशकं लागली.

पुढे साखरेसोबत मीठ दिलं तर आतडं दोन्ही शोषतं आणि पाणीही मागोमाग येतं, हे कळलं. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजायला लावलं. सुमारे ३० टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. या पाण्याने जुलाब थांबत नाहीत, ते चालूच राहतात. माणूस जगतो.

पॅरेगोरिकच्या चाहत्यांना ही अदलाबदल कधीच पटली नसती. औषध घेतलं आणि संडासच्या फेऱ्या थांबल्या, याहून ठसठशीत पुरावा घरात दुसरा कुठला? शिवाय जंतूंनी होणाऱ्या आमांशात आतडं रोखून धरणं धोक्याचं. विष आत कोंडतं, ताप लांबतो, आतडं फुगूही शकतं. रक्त पडत असेल, ताप असेल तर असली औषधं देऊ नयेत असं आज सांगतात ते म्हणूनच.

(दृश्य : अमेरिकेतलं जुनं औषधाचं दुकान. काउंटरवर उघडी वही.)

दुसरा धोका अफूचाच होता. १९१४ साली अमेरिकेत हॅरिसन कायदा आला आणि अफूची खुली विक्री बंद झाली. पण कायद्यात सूट होती : एका औंसात दोन ग्रेनपेक्षा जास्त अफू नसेल, तर चालेल. पॅरेगोरिक या रेषेच्या जेमतेम खाली बसायचं. त्यामुळे पुढची पन्नासेक वर्षं कित्येक ठिकाणी ते चिठ्ठीशिवाय मिळत राहिलं. दुकानदाराच्या वहीत नाव लिहून सही केली की झालं. व्यसनी माणसं एका दुकानात सही करून दुसऱ्या दुकानात जात. काहींनी ते शिरेतून घेतलं, आणि कापराने, तेलाने शिरा खराब करून घेतल्या. १९७० च्या नव्या कायद्यानंतर ते चिठ्ठीवरचं, नियंत्रित औषध झालं.

तोवर वैद्यकाने दुसरी वाट धरली होती. बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या कंपनीत १९६९ साली लोपेरामाइड तयार झालं. आतड्यावर ते अफूसारखंच काम करतं, पण नेहमीच्या मात्रेत मेंदूपर्यंत पोहोचत नाही. मेंदूच्या वेशीवरचं एक प्रथिन त्याला परत बाहेर लोटतं. गुंगी नाही, कैफ नाही, फक्त आतडं मंद.

पॅरेगोरिकला शेवटचं मोठं काम मिळालं ते नवजात बाळांच्या विभागात. अफूच्या व्यसनी आयांची बाळं जन्मल्यावर थरथरतात, किंचाळतात, दूध ओकतात, त्यांना जुलाब होतात. त्यांना पॅरेगोरिकचे थेंब देत. मग लक्षात आलं, की थेंबागणिक बाळाला कापूर, बेंझोइक आम्ल आणि दारूही मिळतेय. म्हणून काही रुग्णालयांनी साधा अफूचा अर्क घेतला आणि पंचवीसपट पातळ केला. आता दोन्ही बाटल्यांवर अफूचा अर्क अशीच ओळख. एकीऐवजी दुसरी हातात आली की मात्रा पंचवीसपट. अशा चुकांनी माणसं दगावली आहेत, म्हणूनच औषध-सुरक्षेच्या सूचनांमध्ये ही जोडी वारंवार येते. आज बहुतेक ठिकाणी अशा बाळांना मोजक्या ताकदीचं मॉर्फिनचं द्रावण किंवा त्याच जातीचं दुसरं औषध देतात.

आणि लोपेरामाइड? नेहमीच्या मात्रेत मेंदूत शिरत नाही म्हटल्यावर काहींनी मूठमूठ गोळ्या खाऊन पाहिल्या. त्याने हृदयाची लय बिघडते, माणूस मरूही शकतो. २०१६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशारा दिला आणि २०१८ मध्ये कंपन्यांना पाकिटातल्या गोळ्यांची संख्या कमी करायला सांगितलं.