सड्याचा रंग, चुलवाणाची राख

श्रोतेहो, नमस्कार. मी मातीकाम करते; स्टोनवेअरची, म्हणजे कडक आचेवर दगडासारखी पक्की होणारी, भांडी घडवते आणि भाजते. कोल्हापूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर दाजीपूरच्या जंगलात जे सडे आहेत, त्यांनी माझ्या भांड्यांना रंग कसा दिला, हे आज मला आपल्याला सांगायचे आहे.

सडा म्हणजे जांभ्या खडकाचे उघडे पठार. उन्हाळ्यात तो करपलेल्या भाकरीसारखा दिसतो. पावसाळ्यात मात्र खडकातल्या तळहाताएवढ्या खळग्यांत पाणी साठते आणि काठाने गेंदाची पांढरी बोंडे, सीतेच्या आसवांची जांभळी फुले डोलू लागतात. वनखात्याची परवानगी घेऊन एकदा परतीच्या पावसात मी अशा एका खळग्यापाशी बराच वेळ बसले होते. आतले पाणी काळेभोर दिसत होते आणि काठावर, जिथे पाण्याचा थर अगदी पातळ होता, तिथे ओला दगड गंजाच्या रंगाने उजळला होता. भांड्यांवर फुले रंगवावीत या विचाराने मी गेले होते. तो तिथेच मागे पडला. मला ती कड हवी होती.

अभयारण्यातून खडाही उचलायचा नसतो, आणि ते योग्यच आहे. म्हणून घरबांधणीसाठी जांभ्याचे चिरे तासले जात होते तिथली भुकटी मी मागून आणली. तिच्यात लोह भरपूर. परंतु जांभा घडतानाच पावसाने मूळ काळ्या दगडातली बरीचशी सिलिका धुऊन नेलेली असते, आणि सिलिकेशिवाय काचेसारखी झिलई धरत नाही. ती उणीव आपल्या गुऱ्हाळाने भरून काढली. ऊस जमिनीतून सिलिका शोषून घेतो आणि चुलवाणात चिपाडे जळाली की ती राखेत उरते.

राख चाळून, भुकटी आणि फेल्डस्पार (भट्टीत वितळणारे एक खनिज) यांच्याबरोबर वाटून मी झिलई केली. पहिल्या दोन भाजण्यांत ती ओघळून भट्टीच्या फळीला चिकटली आणि भांडी फोडूनच काढावी लागली. तिसऱ्या खेपेला राख वाढवली, १२६० अंश सेल्सिअसपर्यंत आच नेली आणि भट्टी पूर्ण निवेपर्यंत दार उघडले नाही. एका वाडग्याच्या तळाशी झिलई काळीभोर साठली होती. ओठावर ती पातळ झाली होती, आणि तिथे गंज उमटला होता.

तो वाडगा मी विकलेला नाही. सड्यावर जाताना तो सोबत नेते आणि खळग्याशेजारी ठेवून पाहते. माझी कड अजून थोडी जास्त लाल आहे.