गंगेवरची बासरी आणि तिसरं बोट

सकाळचे साडेसहा. आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, तर गंगेवर रामकुंडाजवळ पूजेवाले बसायला लागलेत आणि तिकडून एक बासरीवाला काठीला ढीगभर बासऱ्या खोचून स्वतःच वाजवत येतोय. त्याच्या तोंडाला किती गोड वाजते, आणि घरी आणली की नुसती हवा, हे ज्यांनी ज्यांनी घेतलीये त्यांना माहितीये.

खरं सांगू का, फुंक हळूहळू जमते, अडकतं ते बोटांत.

हे बघा, फुंकायचं भोक सोडून सहा भोकं. वरची, म्हणजे फुंकायच्या भोकाजवळची तीन डाव्या हाताने बंद, खालची तीन उघडी, हा झाला सा. दोन दिवस फक्त सा वाजवा. आवाज चिरकतोय ना, तर फुंक वाढवू नका, अनामिका बघा, तीच नेहमी जराशी सरकलेली असते आणि केसाएवढी फट राहिली तरी सूर गेला. बोटाचं टोक नाही टेकवायचं, पेराचा मऊ भाग टेकवायचा. मग बोट उचलून बघा, भोकाचा वळ पूर्ण गोल उमटलाय का, अर्धाच असेल तर हवा तिथूनच जातीये.

अनामिका उचलली की रे, मधलं उचललं की ग. आता उरली तर्जनी, तिच्याखालचं भोक अर्धं उघडलं की शुद्ध म, पूर्ण उघडलं की तीव्र म. हा अर्धा म कानानेच सापडतो, घाई करू नका. मग सहाही बंद करून फुंक जरा बारीक आणि जोरात, की प. हळू फुंकलं तर तिथेच खालचा प. खालून एक उघडलं ध, दोन उघडली नी, तीन उघडली की वरचा सा.

बासरीवादक पन्नालाल घोषांनी मैफलीत आणली तसली लांब बासरी लगेच घेऊ नका, बोटंच पोचत नाहीत. लहान मुलांना शिट्टीच्या तोंडाची उभी द्या, फुंक आपोआप लागते. फक्त टिन व्हिसलचे, म्हणजे तसल्याच शिट्टीच्या तोंडाच्या पाश्चात्य बासरीचे व्हिडिओ बघताना एक लक्षात ठेवा, तिथे सहाही बंद म्हणजे सा, त्यामुळे आपला तीन बंदवाला सा तिथे म होतो. बोटं तीच, सा हलला.

पायरीवर बसलेली ही चिमुरडी परवापासून एकच सा वाजवतीये. आज अनामिका नीट बसलीये. ऐका.